अल्बममध्ये कोण नाही?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी देवघराशेजारच्या भिंतीवर आजीचा फोटो आहे. तो तिचा म्हणून कुणी काढलेला नाही. १९७१ साली मोठ्या काकांचं लग्न झालं. त्या लग्नातल्या एका फोटोच्या उजव्या कडेला, दाराच्या चौकटीत, ती हातात परात घेऊन उभी आहे. अर्धा चेहरा चौकटीआड गेलेला. फोटोवाल्याचं सगळं लक्ष हार घालणाऱ्या नवरा-नवरीकडे होतं, आजी आपसूक त्यात आली. ती गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. तेराव्याच्या आधी घरभर शोधाशोध झाली, ट्रंका उघडल्या, पोथ्यांची पानं झटकली, पण तिचा दुसरा एकही फोटो निघाला नाही. शेवटी तोच कोपरा कापून मोठा करून आणला. मोठा करताना चेहऱ्याचे दाणे दाणे झाले. नाकाच्या बाजूनं चौकटीची काळी पट्टी अजूनही दिसते.

आजोबा फार लवकर गेले होते. पोराच्या लग्नात आजीनं मांडवात यायचं नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नसे.

लग्नाचे फोटो काढायला लागून मला आता पंचवीसेक वर्षं झाली. या कामाकडे कशा वळलात, असं नवी मुलं विचारतात तेव्हा मी या काळ्या पट्टीबद्दल सांगते. आणि इतक्या वर्षांत पक्कं होत गेलेलं माझं मत असं आहे की लग्नाच्या फोटोग्राफरचं काम नवरा-नवरी किती देखणे दिसले यावरून जोखू नये. अल्बम उघडावा आणि त्यात कोण नाही ते शोधावं.

हे कुठून आलं ते सांगते. दर पावसाळ्यात, सीझन संपला की, माझ्याकडे एक वेगळं गिऱ्हाईक येतं. "ताई, तुम्ही आमच्या भाचीचं लग्न काढलं होतं. त्यात आमचे बाबा होते, हिरवा फेटा बांधलेले. त्यांचा एखादा चांगला फोटो निघंल काय?" कशासाठी हवाय, हे मी विचारत नाही. आवाजावरूनच कळतं. पेपरातल्या श्रद्धांजलीसाठी, चौकातल्या फ्लेक्ससाठी, भिंतीवर हार घालायला. आपल्या विदर्भातल्या साध्या घरांत म्हाताऱ्या माणसाचा नीट उजेडातला, बऱ्या कपड्यांतला, प्रसन्न चेहऱ्याचा फोटो बहुधा कुणाच्या तरी लग्नातच निघालेला असतो. मोबाइल आल्यापासून फोटोंचा ढीग झालाय हे खरं, पण तो ढीग लहान पोरांचा. आधार कार्डावरचा फोटो भिंतीवर लावावा असं कुणालाच वाटत नाही. लग्नानंतर दहा वर्षांनी नवरा-नवरीचा मोठा प्रिंट मागायला आलेलं माणूस मला आठवत नाही. बापाचा, मोठ्या आईचा, तरण्या वयात गेलेल्या भावाचा फोटो मागायला मात्र येतात.

२०२१ च्या उन्हाळ्यात ही मागणी रोजची झाली. दुसऱ्या लाटेनं नागपूर झोडपून काढलं होतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास, एवढीच परवानगी होती, त्यामुळे काम जवळजवळ नव्हतंच. फोन मात्र वाजत होता. रात्री अकराला, पहाटे सहाला. मी जुन्या हार्ड डिस्का काढून बसायचे आणि एकेक चेहरा शोधायचे. तेव्हाच एका रात्री, मी स्वतः काढलेल्या एका मोठ्या लग्नात नवरीच्या आईला शोधत होते. दोन दिवसांचं काम, चार हजारांवर फोटो. ती माउली अकरा फोटोंत होती. त्यातल्या सहांत पाठमोरी. एकात तिच्या तोंडावर कुणाच्या तरी हातातल्या आहेराचं पाकीट आलेलं. दोनांत डोळे मिटलेले. उरलेल्या दोनांतला एक मी तिच्या मुलीला पाठवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. त्या लग्नाचं काम बघून मला पुढची चार कामं मिळाली होती.

चूक माझी होती, पण ती कशी घडते ते नीट बघायला हवं, कारण ती सगळीकडे घडते आहे.

मी हे काम शिकले नागपूरच्या बर्डीवरच्या एका स्टुडिओत, १९९८ पासून. पासपोर्ट फोटो कापायचे, रोल धुवायला न्यायचे, अल्बमच्या पानांवर फोटो चिकटवायचे. पुढं पेंटॅक्स के-१००० हा रोलचा कॅमेरा हातात आला. त्यात सगळं आपणच ठरवायचं, आत उजेड मोजणाऱ्या मीटरची एक सुई हलते तेवढाच आधार. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, डोक्यावर लाल-पिवळ्या कापडाचा मांडव, आणि त्या कापडातून गळून येणारं ऊन प्रत्येकाच्या चेहऱ्यावर केशरी रंग फासायचं. तो रंग कसा घालवायचा, फ्लॅश किती आणि कुठून द्यायचा, हे शिकण्यात माझे दोन सीझन गेले. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. एका लग्नाला चार रोल, श्रीमंताकडे सहा. आमचे उस्ताद शर्टाच्या खिशात एक कागद ठेवत. त्यावर घरातल्या कर्त्या पुरुषानं सांगितलेली नावं असत: अमके काका, तमके व्याही, साखर कारखान्याचे साहेब. "आधी माणसं मोज, मग कॅमेरा उचल," असं ते म्हणत. फोटोग्राफीबद्दल याहून मोलाचं वाक्य मला नंतर कुणी शिकवलं नाही.

पण म्हणून त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. त्या कागदावर आजीसारख्यांची नावं नसत. रोल महाग होता आणि वाया घालवायचा नव्हता, एवढं कारण पुरत होतं. आज मात्र ते कारण उरलेलं नाही. कार्डावर हजारो फोटो मावतात, एक जास्तीचा फोटो काढायला एक पैसाही लागत नाही, अंधाऱ्या खोलीत फ्लॅशशिवाय चेहरा टिपता येतो. जी माणसं पूर्वी रोलच्या किमतीमुळे सुटत होती ती आज प्रत्येक अल्बममध्ये असायला हवी होती. प्रत्यक्षात ती तेव्हापेक्षा जास्त सुटताहेत. आता कागद कुणाच्याच खिशात नसतो. तीन-तीन कॅमेरे असतात आणि तिन्ही एकाच जोडप्यावर रोखलेले असतात.

हे पॅकेजमुळे झालं. वर्धा रोडवरचं लॉन असो की काटोल रोडवरचं, बुकिंगला येणाऱ्यांच्या तोंडी तीच भाषा असते: कँडिड, सिनेमॅटिक, प्री-वेडिंग, ड्रोन, रील. बजेट तेवढंच असल्यामुळे काहीतरी कापावं लागतं, आणि सगळ्यात आधी कापला जातो तो साधा फोटोग्राफर, ज्याला आम्ही ट्रॅडिशनल किंवा जनरल म्हणतो. "तो कशाला? पाहुणे मोबाइलमध्ये काढतातच की." तोच माणूस घराघरांचे ग्रुप लावायचा, पंगतीत फिरायचा, मामा-मावशांना हाका मारून उभं करायचा. नव्या मुलांना त्याच्या कामात कला दिसत नाही. मला ती दिसते. बारा माणसांच्या ग्रुपमध्ये एकाही म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले नसणं, मागच्या रांगेतल्या बुटक्या आत्याचा चेहरा दोन खांद्यांमधून पूर्ण दिसणं, सुना-जावांमधलं अबोल्याचं अंतर ओळखून त्यांना न दुखावता उभं करणं, हे ८५ एमएमच्या लेन्सनं मागचं सगळं धूसर करण्यापेक्षा अवघड आहे. धूसर झालेल्या त्या मागच्या भागात कोण उभं असतं, याचा विचार कुणी करत नाही.

स्टेजवर तर सगळेच येतात ना, असं कुणी म्हणेल. येतात, पण पाहुणे येतात. पाकीट देतात, उभे राहतात, उतरतात. घरची माणसं त्या वेळी स्टेजच्या मागं, जेवणाच्या काउंटरपाशी, खोलीत, गाडीत असतात. चारशे पाहुण्यांचे एकसारखे फोटो अल्बममध्ये सापडतात आणि पहाटे चारपासून राबणारी थोरली जाऊ सापडत नाही.

प्री-वेडिंगबद्दल अलीकडे बरीच चर्चा आहे. निरनिराळ्या समाजांच्या मेळाव्यांत त्यावर बंदी घालण्याचे ठराव झाले. मला ते ठराव पटत नाहीत. फुटाळा तलावाच्या काठावर किंवा रामटेकला मी अशी पुष्कळ जोडपी पाहिली आहेत की ज्यांना त्या दिवसाआधी दहा मिनिटंही एकमेकांशी मोकळेपणी बोलता आलं नव्हतं. बघण्याचा कार्यक्रम झाला, साक्षगंध झालं, पण सतत भोवती चार माणसं. कॅमेऱ्याच्या निमित्तानं ती दोघं तळ्याकाठी बसून बोलतात, आणि त्या बोलण्यातून एखादं लग्न वेळीच मोडलेलंही मला माहीत आहे. ते मोडलं हे बरंच झालं. ठराव करणाऱ्यांचा राग पुष्कळदा या भेटण्यावरच असतो, खर्चाचं नाव पुढं केलं जातं. माझा आक्षेप निराळा आहे. हौस जरूर करा, पण ती हौस आईच्या फोटोच्या जागेवर करू नका.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते.

तीन वर्षांपूर्वी हिंगण्याच्या पुढं एका गावात लग्न होतं. नवरदेवाला वडील नव्हते. मुहूर्ताला अर्धा तास उरला तरी वरमाय कुठं दिसेना. शोधत गेले तर ती आतल्या कोठीत एकटी बसून आहेराची लुगडी मोजत होती. मी म्हटलं, मावशी, बाहेर चला ना, तुमच्याशिवाय फोटो कसा होईल? ती वर न बघता म्हणाली, "मले कायले बलावता बाई, तिकडं तुमचं काम करा." मी तिला ओढून बाहेर नेलं नाही, तो माझा अधिकार नव्हे. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. कोठीला एकच खिडकी होती, तिच्यातून दुपारचा पांढरा उजेड थेट तिच्या हातांवर पडत होता. त्या हातांचे, लुगड्यांचे, तिच्या वाकलेल्या मानेचे फोटो काढले. मग जानोशाला जाऊन नवरदेवाला सांगितलं की आई आत आहे, दोन मिनिटं येऊन जा. तो मुंडावळ्या बांधलेला तसाच आला. तिनं लुगडं बाजूला ठेवलं, उठली, आणि त्याच्या कपाळावरची सरकलेली मुंडावळी नीट केली. दोघंही काही बोलले नाहीत. तो फोटो आज त्यांच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव करणाऱ्या गावाचं मोठेपण मी मानते. पण ठरावाची परीक्षा लग्नाच्या दिवशी होते. हळद लावायला सवाष्णींची नावं पुकारली जातात, त्या क्षणी मागं सरकणारी बाई कुठल्या परिपत्रकानं पुढं येत नाही. तिला कुणीतरी हाक मारावी लागते.

आणि मांडवात अशी हाक मारू शकणारं एक माणूस असतंच. आमच्या धंद्याकडे केवढी ताकद आहे, याचा आम्हीच कधी विचार केलेला नाही. फोटोग्राफर म्हणतो म्हणून भटजी थांबतात, अंतरपाट पुन्हा धरला जातो, घातलेले हार काढून परत घातले जातात, चारशे माणसं जेवायची थांबतात. नवरीच्या एन्ट्रीला धूर आणि फटाक्यांची कारंजी नीट यावीत म्हणून पंधरा मिनिटं सगळं लग्न खोळंबतं आणि कुणी तक्रार करत नाही. हीच ताकद वापरून मला एवढंच म्हणता येतं: "नवरदेवाच्या आई कुठं आहेत? त्या आल्याशिवाय हा फोटो होत नाही." मी हे खूपदा म्हटलं आहे. बहुतेक वेळा भावकीतलं कुणीतरी लगेच उठतं आणि तिला घेऊन येतं, जणू कुणीतरी म्हणण्याचीच वाट बघत होते. क्वचित कुणी ज्येष्ठ नाराज होतात. एकदा माझे राहिलेले पैसे सहा महिने अडकले. तरी मी म्हणायची थांबले नाही.

तिला स्वतःलाच यायचं नसेल तर? तर मी तिच्या जागी जाते, विचारते, आणि ती नको म्हणाली तर कॅमेरा खाली ठेवते. पण विचारण्याआधीच तिचं "नको" धरून चालणं वेगळं.

नागपुरात काम करण्याचा मला एक मोठा फायदा झाला. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर या शहरात लग्नाची एक निराळी रीत रुजली. बौद्ध घरांतली लग्नं मी सुरुवातीपासून काढत आले आहे. बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, त्रिशरण, पंचशील, वधू-वरांची प्रतिज्ञा, पांढरे कपडे, तासाभरात लग्न. मी काढलेल्या या लग्नांत नवऱ्यामागं राहिलेली आई प्रतिमेसमोर मुलाशेजारी उभी असते, तिला बोलवायला जावं लागत नाही. माझ्या डोळ्यांसमोर, याच शहरात, चार किलोमीटरांच्या अंतरावर दोन्ही गोष्टी घडत होत्या. म्हणून "रीतच अशी आहे, काय करणार" हे वाक्य मला कधीच पटलं नाही. माणसांनी ठरवून रीत बदलली, तिचे फोटो माझ्याकडे आहेत.

या लग्नांनी मला कसबही शिकवलं. पांढऱ्या साडीवर मीटर फसतं. ते पांढऱ्याला राखाडी करू पाहतं आणि सावळा चेहरा पार काळवंडतो. म्हणून मीटर सांगेल त्याहून एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड घ्यायचा आणि लक्ष साडीवर न ठेवता चेहऱ्यावर ठेवायचं. हे न करता काळे चेहरे घेऊन घरी यायचं आणि मग कॉम्प्युटरवर सरसकट गोरे करायचे, हा आमच्या धंद्यातला रुळलेला मार्ग आहे. गिऱ्हाईकही म्हणतं, "ताई, थोडी उजळ करा तिला." कोडॅकचे रंग जुळवायचे जुने नमुने गोऱ्या बायकांच्या फोटोंवर बेतलेले असत, तेव्हा सावळ्या कातडीची आबाळ यंत्रातच होती. आता यंत्र आपला रंग बरोबर दाखवतं आणि आपणच तो पुसतो. उन्हातान्हात राबलेल्या बापाचा तांबूस काळा चेहरा अल्बममध्ये गुलाबी होऊन येतो. तो माणूस फोटोत आहे असं मी मानत नाही. उजळ करून देणार नाही हे मी बुकिंगच्या वेळीच सांगते. त्यापायी काही कामं गेली, जातात.

अल्बम कुणाचा, हा प्रश्न कायद्यातही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो घरच्यांचे. तरी आमच्यातले कितीतरी जण नवरीच्या हळदीचे, रडण्याचे फोटो न विचारता इन्स्टाग्रामवर टाकतात, आणि दुसरीकडे काही महिन्यांत मूळ डेटा पुसून मोकळे होतात. जाहिरातीपुरते फोटो आमचे आणि जपायची वेळ आली की तुमचे, हे बरोबर नाही. माझं घरच्यांना सांगणं असतं की करारात दोन ओळी लिहून घ्या: कुठले फोटो बाहेर दाखवायचे आणि डेटा किती वर्षं ठेवायचा. आणि निवडून शंभरेक प्रिंट काढा. नव्वदच्या दशकातल्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी घेऊन लोक माझ्याकडे येतात. कितीतरी कॅसेटींना बुरशी लागलेली असते, आणि चांगल्या असल्या तरी त्या लावायला यंत्र मिळत नाही. त्याच लग्नांचे कागदावरचे फोटो कपाटात शाबूत असतात.

सध्या तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांची बुकिंगं चालू आहेत. गेली चार वर्षं माझ्या बुकिंगच्या फॉर्मवर पॅकेजच्या आधी एक रकाना असतो: "घरातली अशी कोणती माणसं, जी बोलावल्याशिवाय फोटोत येणार नाहीत?" हा रकाना वाचून लोक थांबतात. एकमेकांकडे बघतात. मागच्या आठवड्यात बेसा भागातलं एक जोडपं आलं होतं. मुलगा रील किती मिनिटांची असेल ते विचारत होता. मुलीनं फॉर्म ओढून घेतला, रकाना वाचला, पेन उघडलं आणि पहिलं नाव लिहिलं ते त्याच्या आत्याचं. मुलाला ते सुचलं नव्हतं. तो थोडा वेळ त्या नावाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो, आत्या कामठीला असते. येईल, पण मागंच बसते ती."

मी नावापुढं लिहून घेतलं: कामठी, मागच्या रांगेत.